६५ सीसी की ८० सीसी? पाठीवरच्या ब्लोअरचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पाठीवरचा मोठा ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाचोळा लोटणारं यंत्र, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण दोनच आकडे बघतात: हवा किती सीएफएम (मिनिटाला किती घनफूट) आणि वेग ताशी किती मैल. झाडांनी भरलेल्या एका मोठ्या आवारात आम्ही काही महिने ६५ सीसी आणि ८० सीसी या दोन्ही वर्गांतली यंत्रं आलटून पालटून वापरली. त्यानंतर माझं मत ठाम झालंय. आधी न्यूटनचा, म्हणजे फुंकण्याच्या जोराचा आकडा बघा, मग वजन बघा. सीएफएम आणि वेग त्यानंतर.

का, ते सांगतो. स्टिल कंपनीच्या ६५ सीसीच्या बीआर ६०० चा जाहीर कमाल वेग ताशी २३८ मैल आहे, एको कंपनीच्या ८० सीसीच्या पीबी-८०१० चा २११ मैल. नुसत्या वेगावर गेलात तर लहान यंत्र जास्त ताकदीचं ठरेल. पण फुंकण्याचा जोर बघा: बीआर ६०० चा ३२ न्यूटन, पीबी-८०१० चा ४४ न्यूटन. सरळ ३७ टक्क्यांचा फरक. तो कुठून येतो? हवेच्या प्रमाणातून. पहिल्याची हवा ६७७ सीएफएम, दुसऱ्याची १०७१. पाचोळ्याचा ढीग ढकलायला नुसता वेग पुरत नाही, त्या वेगाने दर सेकंदाला किती किलो हवा निघते यावर सगळं ठरतं. न्यूटनमध्ये हे दोन्ही येतं.

कागद-पेन्सिल घेऊन एक हिशोब जरूर करून बघा. १०७१ सीएफएम म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा घनमीटर हवा. २११ मैल म्हणजे सेकंदाला ९४ मीटर. हवेचं वस्तुमान घनमीटरला १.२ किलो धरलं तर गुणाकार ५७ न्यूटनच्या आसपास येतो. माहितीपत्रकात मात्र ४४. यात कोणी फसवत नाही. वेगाचा आकडा कमाल असतो, म्हणजे झोताच्या सर्वांत जोरदार भागातला. कडेची हवा त्याहून संथ असते. म्हणून कमाल वेग आणि एकूण हवा यांचा गुणाकार करून दोन यंत्रांची तुलना करू नये. न्यूटनचा आकडा झोत प्रत्यक्ष तबकडीवर मारून, तिच्यावर पडणारा जोर मोजून काढतात. अमेरिकेतल्या बी१७५.२ या मानकात ही पद्धत दिलेली आहे. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एका तराजूत बसवता येतात. ज्या माहितीपत्रकात न्यूटन छापलेलेच नाहीत, त्या यंत्राबद्दल मी विक्रेत्याला तो आकडा आधी विचारतो.

आता मैदानावर काय दिसलं ते. कोरडा पाचोळा, फरशी, डांबर: इथे दोन्ही वर्गांत फारसा फरक जाणवला नाही. ६५ सीसीचं यंत्र अर्ध्या रेसवरही काम उरकतं. फरक कळला तो पावसानंतर. ओला पाला जमिनीला चिकटून बसतो, पानावर पान थापलं जातं आणि ६५ सीसी पूर्ण रेसवर असूनही पानांची कड उचलायला नळी अगदी जवळ न्यावी लागते. ८० सीसीने तोच थर दोन पावलं मागे उभं राहून सुटत गेला. ढीग मोठा झाल्यावर तर फरक आणखी वाढतो. लहान यंत्राचा झोत ढिगाच्या वरून निघून जातो, मोठ्याचा झोत ढीग लोटत नेतो.

यामागचं गणित मला फार उपयोगी पडलं. नळीतून सुटलेला झोत तोंडाच्या व्यासाच्या पाच-सहा पट अंतरापर्यंतच आपला मूळ वेग टिकवतो. पुढे अंतर वाढेल तसा वेग त्याच प्रमाणात घटत जातो. तोंड ७५ मिलीमीटरचं असेल तर जेमतेम ४५ सेंटिमीटरनंतर घसरण सुरू होते आणि दीड मीटरवर मूळ वेगाचा तिसरा हिस्सा कसाबसा उरतो. म्हणून रुंद तोंडाचं, जास्त हवेचं यंत्र लांबवर पोचतं आणि अरुंद नॉझल जवळचं चिकटलेलं सोडवतं. दोन्ही नॉझल सोबत ठेवा. फटीतली माती, कुंपणाच्या कडेचा गाळ यांना अरुंदच हवं.

तरीही ८० सीसी घेण्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण वेगळंच आहे: ते पूर्ण रेसवर चालवावं लागत नाही. पंख्याचे फेरे कमी केले की हवा त्याच प्रमाणात घटते, जोर वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे ४४ न्यूटनचं यंत्र ८५ टक्के फेऱ्यांवर चालवलं की ३२ न्यूटन मिळतात, आणि पंख्याला लागणारी शक्ती पूर्ण रेसच्या सुमारे ६२ टक्केच राहते. लहान यंत्र ज्या कामाला जीव तोडून ओरडतं, तेच काम मोठं यंत्र सावकाश करतं. थ्रॉटल एका जागी अडकवून ठेवणारी क्रूझची कळ असेल तर ही रेस धरून ठेवायला बोटं दुखत नाहीत. ती कळ नसलेलं यंत्र मी दिवसभराच्या कामाला घेणार नाही.

या ताकदीचं मोल पाठीने चुकवावं लागतं. बीआर ६०० इंधनाशिवाय ९.८ किलो, ८० सीसीची यंत्रं ११ ते १२ किलो. दोन लिटरची टाकी भरली की वर आणखी दीड किलो. सकाळी हा फरक क्षुल्लक वाटतो, दुपारनंतर खांदे बोलायला लागतात. आमच्या ८० सीसीबरोबर कमरपट्टा नव्हता, तो वेगळा लावून घेतला आणि भार खांद्यांवरून कमरेवर उतरला. यंत्र घेण्याआधी टाकी भरून, पाठीवर घालून दहा मिनिटं चाला, वाका, पायऱ्या चढा. पूर्ण रेस दिल्यावर नळी एका बाजूला ओढ घेते का तेही बघा, कारण ४४ न्यूटन म्हणजे मनगटावर सतत साडेचार किलोची मागे रेटणारी ओढ. कोपर वाकवून ती पेलता येते, पण हँडल आपल्या हाताच्या मापाला लावून घेतलेलं हवं.

देखभालीत एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. काही महिन्यांनी एका यंत्राचा पिकअप गेला. सुरू व्हायचं, मंद रेसवर नीट चालायचं, पण थ्रॉटल दाबला की घुसमटायचं. एअर फिल्टर स्वच्छ, प्लग ठीक. शेवटी सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी काढली तर काजळीने बुजलेली. साफ केली आणि गेलेली ताकद परत आली. ताकद कमी झाली म्हणून कार्ब्युरेटरला हात घालण्याआधी ही जाळी बघा. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण ५० ला १ सांगितलं असेल तर लिटरला मोजून २० मिलीलिटर घाला, अंदाजाने नाही. काम काही आठवडे थांबणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर शिळं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतं.

कानांबद्दल मी आग्रही आहे. चालवणाऱ्याच्या कानाशी या यंत्रांचा आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. आठ तासांसाठी शिफारस केलेली मर्यादा ८५ डेसिबल आहे आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. कानावरचे मफ घातल्याशिवाय आमच्याकडे कोणालाही यंत्र पाठीवर घेऊ देत नाही. धुळीच्या जागी मास्क आणि चष्माही तसाच सक्तीचा.

बॅटरीवरचं यंत्रही मधल्या काळात चालवून पाहिलं. स्टिलच्या बीजीए ३०० चा जोर २६ न्यूटन, हस्कवर्नाच्या ५५०आयबीटीएक्सचा २१ न्यूटन. कोरड्या पाचोळ्याला आणि पायवाटांना एवढं पुरेसं आहे, आवाज कमी, धूर नाही, दोरी ओढायची कटकट नाही. अडचण आहे ती साठ्याची. पाठीवरच्या मोठ्यात मोठ्या बॅटऱ्या दीड किलोवॉट-तासाच्या आसपासच्या असतात. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॉट-तास असतात. लहान इंजिनाने त्यातलं पाचव्या हिश्शाएवढंच कामी आणलं तरी एक लिटर त्या अख्ख्या बॅटरीला भारी पडतं, आणि टाकी मिनिटभरात पुन्हा भरते. म्हणून सध्या आमची वाटणी अशी आहे: पहाटे इमारतींजवळ बॅटरी, रोजच्या झाडलोटीला ६५ सीसी, आणि पावसानंतरच्या ओल्या थराला किंवा मोकळ्या मैदानातल्या मोठ्या ढिगांना ८० सीसी. एकच यंत्र घेणं शक्य असेल आणि झाडं दाट असतील, तर मी ८० सीसीच घेईन, कमरपट्ट्यासकट.