रोल गंभीर आणि नट विनोदी, घ्यायचा का नाही?

स्क्रिप्ट तयार आहे, मेन रोल गंभीर आहे आणि यादीत शेवटी दोनच नावं उरलीत. एक नट आयुष्यभर गंभीर कामं करत आलेला, चोख, त्याच्याबद्दल डोक्याला ताप नाही. दुसऱ्याचं नुसतं नाव घेतलं तरी समोरचा गालात हसतो. तुमचं मन सारखं दुसऱ्याकडे धावतंय पण भीती पण वाटतेय की ऐन सीनमध्ये लोक हसले तर काय. दोघांना शेजारी शेजारी उभं करून बघू, कारण "चांगला नट काहीही करू शकतो" हे वाक्य ऐकायला भारी आहे पण कास्टिंग करताना त्याचा काडीचा उपयोग नाही.

टायमिंगमध्ये विनोदी नट सरळ पुढे, यात वादच नको. लोकांना वाटतं टायमिंग म्हणजे पंच मारणं, पण खरी गंमत पंचच्या आधी किती थांबायचं यात असते, अर्धा सेकंद इकडचा तिकडे झाला की हशा गेलाच. आणि थांबण्याची हीच अक्कल वाईट बातमी ऐकण्याच्या सीनमध्ये लागते. बरेच गंभीर नट बातमी ऐकतात आणि लगेच चेहऱ्यावर दुःख आणतात. चांगला विनोदी नट आधी काहीच करत नाही, हातातला शर्ट घडी घालायचा राहिलाय तो नीट घडी घालून ठेवतो आणि मग बसतो, तोवर तुमच्या घशात आवंढा आलेला असतो. रॉबिन विल्यम्स एरवी मिनिटात दहा आवाज काढणारा माणूस, पण 'गुड विल हंटिंग' (1997) मध्ये बागेतल्या बाकावर बसून नुसतं शांतपणे बोलत राहतो, हातवारे नाहीत की चेहऱ्याचे खेळ नाहीत. त्या रोलसाठी त्याला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं.

आता उलटी बाजू. शांतता. स्टेजवर हसवणाऱ्यासाठी शांतता म्हणजे सीन पडला, वर्षानुवर्षं अंगात मुरलेली भीती असते ती, त्यामुळे पॉज लांबला की त्याची भुवई उडते, मान हलते, तोंडातून एखादी अ‍ॅडिशन, म्हणजे स्क्रिप्टबाहेरचं वाक्य, निसटते आणि बेअरिंग, म्हणजे पात्रावरची पकड, सुटतं. त्यात सेटवर प्रेक्षक नसतो पण युनिट असतं, लाइटवाला खुदकन हसला की याला वाटतं टेक जमला! गंभीर नटाला रिकामी जागा घाबरवत नाही, तो तीन मिनिटं भिंतीकडे बघत बसेल आणि एडिटला तुम्हाला हवे ते वीस सेकंद मिळतील. तुमच्या स्क्रिप्टमध्ये पानंच्या पानं गप्प बसणं असेल आणि तुम्ही स्वतः पहिलाच सिनेमा करत असाल तर इथे जरा विचार करा, कारण विनोदी नटाला "आता काहीही करू नकोस" हे दहा वेळा सांगायची हिंमत तुमच्यात लागेल, आणि तो तुमच्यापेक्षा सिनियर असेल.

पण या दोन्हीपेक्षा मोठी अडचण नटात नसतेच, ती बघणाऱ्यात असते. 'एक होता विदूषक' (1992) आठवा. जब्बार पटेल दिग्दर्शक, पटकथा पु. ल. देशपांड्यांची, आणि मध्यभागी लक्ष्मीकांत बेर्डे, त्या वेळी ज्याच्या नावावर हशाच्या अपेक्षेने थिएटरं भरत होती तो. काम त्याने जीव तोडून केलं, आज लोक त्या कामाला मानतात, पण तेव्हा तिकीटबारीवर सिनेमा आपटला. अमेरिकन विनोदी नट बिल मरेचं तसंच, 'द रेझर्स एज' (1984) मध्ये गंभीर मेन रोल केला, त्याच वर्षी त्याच्याच विनोदी 'घोस्टबस्टर्स'ने धुमाकूळ घातला आणि हा कोणी बघितला नाही. मग 2003 ला 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' आला आणि ऑस्कर नॉमिनेशन मिळालं. मधल्या एकोणीस वर्षांत चेहरा थकला हे खरं, पण माझ्या मते रोलमधला फरक जास्त मोठा आहे. पहिल्या सिनेमात त्याला जीवनाचा अर्थ शोधायला पाठवला होता, दुसऱ्यात तो एक उतरती कळा लागलेला फिल्मस्टार आहे, जाहिरातीसाठी परदेशात आलाय, टोमणे मारतोय आणि आतून पोकळ झालाय. म्हणजे त्याचा विनोद काढून घेतला नाही, तो तसाच ठेवला आणि त्याचा उपयोग बंद केला.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण वडिवेलूचं. तमिळ सिनेमात या माणसाने वर्षानुवर्षं मार खाऊन, अपमान करून घेऊन लोकांना पोट धरून हसवलं. 'मामन्नन' (2023) मध्ये तो दलित आमदार झालाय, अपमान आहेच, फक्त आता हसू येत नाही आणि आपण इतकी वर्षं नेमकं कशाला हसत होतो असा प्रश्न पडतो. हा रोल मुरलेल्या गंभीर नटाने केला असता तर कदाचित जास्त सफाईने केला असता, पण तो जुना हशा कुठून आणला असता?

मल्याळममध्ये तर हे दोनदा झालं. सलीम कुमार आणि सुरज वेंजारमूड, दोघंही मिमिक्रीतून आलेले, विनोदी कामांसाठी प्रसिद्ध, आणि दोघांनाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार, सलीम कुमारला हजला जायचं स्वप्न बघणाऱ्या म्हाताऱ्या अत्तरवाल्याच्या रोलसाठी आणि सुरजला सफाई कामगाराच्या. दोन्ही माणसं साधी, ज्यांच्याकडे जग नीट बघतही नाही अशी. मिमिक्रीवाला पोटासाठी लोकांना बारकाईने बघत आलेला असतो, त्यामुळे असे रोल त्याच्या हाताशी असतात. उलट तुमचा हिरो हुकूम सोडणारा, ज्याच्या धाकाने खोली गप्प होते असा असेल, तर मी डोळे झाकून गंभीर नट घेईन. विनोदी नट स्टीव्ह कॅरेलने 'फॉक्सकॅचर' (2014) मध्ये थंड, विक्षिप्त श्रीमंत माणूस केला आणि नॉमिनेशनही मिळवलं हे मान्य, पण त्याला नकली नाक लावून चेहराच बदलून टाकला होता, आणि चेहरा लपवायचाच असेल तर मग त्यालाच का घ्यायचं हा माझा आपला प्रश्न.

धंद्याचं थोडक्यात. विनोदी नटाचं नाव निर्मात्याला आवडतं पण लगेच प्रोमोवाला सिनेमातली दोनच हलकी वाक्यं उचलून ट्रेलरमध्ये टाकतो, मग लोक हसायला येतात आणि चिडून जातात. हे आधीच लेखी ठरवून घ्या. आणि प्रामाणिक ट्रेलर केला तरी गर्दी येईलच असं नाही, कपिल शर्माने 'झ्विगाटो'मध्ये डिलिव्हरी करणाऱ्या रायडरचं काम संयमाने केलं, तरी टीव्हीवरचा त्याचा प्रेक्षक थिएटरपर्यंत काही आला नाही. गंभीर नटाबरोबर ओपनिंग छोटं असेल पण जो येईल तो काय बघायला आलाय हे त्याला माहीत असेल. (उलट दिशेने जाणाऱ्याला मात्र हा त्रास कमी, परेश रावल गंभीर आणि खलनायकी कामं करून, राष्ट्रीय पुरस्कार घेऊन मग 2000 ला बाबूराव झाला आणि कोणी तक्रार केली नाही.)

मधला रस्ताही आहे, आधी छोटा रोल. 'आनंद' (1971) मधला जॉनी वॉकर बघा, हसवायलाच आलाय असं वाटतं आणि शेवटाकडे त्याचेच डोळे भरतात तेव्हा आपण सावध नसतो. पण तुमच्याकडे मेन रोलच रिकामा असेल तर हा सल्ला कामाचा नाही.

तर माझा कौल असा की तुमचं पात्र दुःख लपवणारं, हसून वेळ मारून नेणारं, अपमान गिळणारं असेल तर विनोदी नट, दुःख बोलून दाखवणारं किंवा दुसऱ्यावर सत्ता गाजवणारं असेल तर गंभीर नट. तरी नक्की होत नसेल तर विनोदी नटाची स्क्रीन टेस्ट घ्या, पण रडायचा सीन देऊ नका, रडतात सगळेच. त्याला फोनवर फक्त "हो, बरं, ठेवतो" एवढं बोलायचा सीन द्या, खोलीत तुम्ही आणि कॅमेरावाला सोडून कोणी नको, आणि फोन ठेवल्यावर पूर्ण एक मिनिट कट म्हणू नका. त्या मिनिटात तो फोनकडे बघत बसला तर तारखा घ्या. तुमच्याकडे बघितलं तर गंभीर नटाला फोन लावा.