इंग्रजी स्वरांचा सराव : नौपाड्यातील एका उच्चारवर्गाचे परीक्षण

इंग्रजी संभाषण शिकवणारे वर्ग ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत जागोजागी आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेकांचा भर व्याकरण, शब्दसंग्रह आणि मुलाखतीची तयारी यांवरच असतो. घंटाळी परिसरातील हा छोटा वर्ग मात्र तीन महिने केवळ उच्चार आणि त्यातही मुख्यतः स्वर शिकवतो. मी तो नुकताच पूर्ण केला असून, काही त्रुटी असूनही मराठी भाषकांना त्याची मनापासून शिफारस करतो, कारण येथील शिक्षिका आपल्या मातृभाषेला अडथळा न मानता तिच्यापासूनच सुरुवात करतात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे ‘शिप’ आणि ‘शीप’ यांचा धडा. मराठीत इकार ह्रस्व की दीर्घ हे बहुतांशी त्याच्या जागेवरून ठरते. आपण ‘मीठ’ म्हणतो पण ‘मिठाला’, ‘फूल’ म्हणतो पण ‘फुलाला’. एका अक्षराच्या शब्दात शेवटी व्यंजन आले की जीभ सवयीने दीर्घाकडे वळते आणि टेकडीचा ‘हिल’ टाचेचा ‘हील’ होऊन बसतो. बाईंनी हे पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितले, आणि त्यापुढचा, अधिक महत्त्वाचा मुद्दाही सोडला नाही: या दोन स्वरांतला फरक केवळ लांबीचा नाही. ‘शीप’ म्हणताना जीभ उंच आणि पुढे जाते, तर ‘शिप’ म्हणताना ती थोडी खाली येऊन तोंडाच्या मध्याकडे सरकते. लांबीवर विसंबणे फसवे ठरते, कारण ‘सीट’मधला स्वर पुढच्या अघोष व्यंजनामुळे (म्हणजे स्वरतंतू न कंपता उच्चारल्या जाणाऱ्या ट मुळे) आखडतो आणि ‘सीड’मधला तोच स्वर ड या घोष, म्हणजे स्वरतंतू कंपणाऱ्या व्यंजनापूर्वी लांबतो. ‘ह्रस्व म्हणा, दीर्घ म्हणा’ एवढेच सांगून थांबणाऱ्या अनेक वर्गांना आणि पुस्तकांना हे उमगलेले नाही.

येथे तोंडाच्या आधी कान तयार केला जातो, हेही मला फार योग्य वाटले. शब्दांच्या जोड्या वेगवेगळ्या स्त्री-पुरुषांच्या आवाजांत ऐकवल्या जातात, आणि कोणता शब्द होता हे ओळखता येईपर्यंत तो उच्चारायला सांगत नाहीत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी भाषकांना इंग्रजीतील र आणि ल यांतला भेद शिकवताना झालेल्या प्रयोगांत अनेक वक्त्यांचे आवाज ऐकवण्याचा उपयोग दिसून आला होता. ही पद्धत त्याच मार्गाची आहे. ‘ऑ’च्या बाबतीत तिची विशेष गरज भासते, कारण खाटेचा ‘कॉट’ आणि ‘पकडले’ या अर्थाचा ‘कॉट’ देवनागरीत एकसारखेच लिहिले जातात, त्यामुळे ब्रिटिश उच्चारातला भेद डोळ्यांना दिसतच नाही.

त्यानंतर संगणकावर ‘प्रात’ ही ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली मोफत प्रणाली वापरून प्रत्येकाचा आवाज तपासला जातो. तोंडाच्या पोकळीतील अनुनादामुळे स्वरात ज्या वारंवारता ठळक होतात त्यांना फॉर्मंट म्हणतात. जबडा जितका उघडावा तितका पहिला फॉर्मंट वर जातो, आणि जीभ जितकी पुढे न्यावी तितका दुसरा. पुरुषाच्या आवाजात ‘बेड’च्या स्वराचा पहिला फॉर्मंट साधारण ५५० हर्ट्झच्या आसपास, तर ‘बॅड’चा ६५० च्या पुढे असतो, स्त्रियांचे आकडे याहून अधिक असतात. हे दोन स्वर वेगळे ऐकू येत असूनही वर्गातील अनेकांचे आकडे एकमेकांना चिकटलेले निघाले, आणि हनुवटीखाली बोट ठेवून जबडा किती उतरतो हे पाहत केलेल्या सरावानंतर ते दूर झाले. ‘अजून थोडे तोंड उघडा’ या सूचनेपेक्षा पडद्यावर सरकणारा ठिपका कितीतरी अधिक शिकवतो.

माझा मुख्य आक्षेप क्रमाबद्दल आहे. श्वा, म्हणजे इंग्रजीत सर्वाधिक वेळा येणारा तो आघातहीन, अस्पष्ट स्वर, येथे अगदी शेवटच्या आठवड्यांत येतो आणि घाईने उरकला जातो. ‘बनाना’ या शब्दात पहिला आणि शेवटचा स्वर श्वा असतो, पण आपण शेवटी पूर्ण ‘आ’ देतो. ‘फोटोग्राफ’चे ‘फोटोग्राफी’ होताना आघात दुसऱ्या अक्षरावर सरकतो, त्याबरोबर सगळे स्वर बदलतात, आणि आपण मात्र ते जसेच्या तसे ठेवतो. वास्तविक श्वा मराठीतील ‘अ’ या स्वराच्या पुष्कळ जवळ असल्यामुळे सुरुवात येथूनच व्हायला हवी होती.

दुसरी उणीव म्हणजे बारा शुद्ध आणि आठ संयुक्त अशा वीस स्वरांचा जुना ब्रिटिश तक्ताच प्रमाण मानला जातो. ‘पुअर’मधला संयुक्त स्वर आज अनेक ब्रिटिश लोकही वेगळा उच्चारत नाहीत. वर्गात ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांतून अमेरिकी ग्राहकांशी बोलणारे बरेच जण असतात. अमेरिकेत ‘बर्ड’मधला र सहसा उच्चारला जातो आणि वर सांगितलेले दोन ‘कॉट’ अनेक जण सारखेच म्हणतात. अशा विद्यार्थ्यांना ‘बर्ड’मधला र गाळण्याचा सराव करायला लावणे हे त्यांच्या श्रमांचा अपव्यय करणारे आहे.

तुकडी लहान असते, फी दोन हप्त्यांत घेतली जाते आणि ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून चालत जाता येते, त्यामुळे ट्रान्स-हार्बरने येणाऱ्यांनाही तो सोयीचा आहे. ज्यांना इंग्रजी वाक्ये जुळवतानाच अडचण येते त्यांनी आधी दुसरा वर्ग करावा. ज्यांना अस्खलित बोलता येते, पण फोनवर पुन्हा पुन्हा ‘पार्डन?’ ऐकावे लागते, त्यांनी येथे अवश्य जावे, आणि प्रवेश घेतानाच श्वाला अधिक वेळ देण्याची मागणी करावी.