एलएएक्सची विमानं: बर्गरवाली जागा की टेकडी?
कॅलिफोर्नियाच्या रोड ट्रिपमध्ये बायकोकडून एक दिवस मागून घेतला होता, फक्त एलएएक्स म्हणजे लॉस एंजेलिसच्या विमानतळावरच्या विमानांचे फोटो काढण्यासाठी. सगळे सांगतात तसं आधी सेपुल्वेडा बुलेव्हार्डवरच्या इन-एन-आऊट या बर्गरच्या दुकानात गेलो. उत्तरेकडचा रनवे रस्त्यापलीकडे लगेच सुरू होतो, त्यामुळे लँडिंगची विमानं इतकी खाली येतात की चाकांचे टायर मोजता येतात, ट्रिपल सेव्हन (मोठं बोईंग ७७७) आलं तेव्हा माझ्या ७०-२०० च्या झूम लेन्समध्ये मावलंच नाही, नुसतं पोट आणि चाकं! इथे २४-१०५ सारखी कमी झूमची लेन्सच बरी. शेजारच्या छोट्या हिरवळीवर बसायचं, फ्राइज खायचे, व्हेजवाल्यांनी ग्रिल्ड चीज मागायचं, बोर्डावर नसतं पण देतात.

पण एक लक्षात ठेवा, ही जागा रनवेच्या उत्तरेला आहे म्हणजे भर दुपारी सूर्य समोर. मी शहाणा बरोब्बर बारा वाजता पोचलो आणि शेदोनशे फोटो काळे करून बसलो, चूक सर्वस्वी माझी.

मग चारच्या सुमारास एल सेगुंडोतली इम्पिरियल हिल गाठली आणि खरं सांगू, मला हीच जास्त आवडली. विमानतळाच्या दक्षिणेला असल्याने ऊन पाठीमागून येतं, दक्षिणेकडचे दोन्ही रनवे समोर, टेकऑफ मस्त मिळतात. लांबची विमानं मात्र गरम हवेने थरथरतात, १००-४०० ची लांब पल्ल्याची लेन्स असली तरी.

फोटोला टेकडी, थराराला बर्गर. मुलाला विचाराल तर तो फ्राइजच म्हणेल.