जनरल रजिस्टर की संगणक?

परभणीकडच्या आमच्या हायस्कूलच्या ऑफिसात दोन्ही शेजारी नांदतात. कपाटात लाल कापडात बांधलेलं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची नोंदवही; टेबलावर संगणक.

टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) काढायची म्हटलं की पूर्वी अर्धा तास जायचा. बाड उपसायचं, धूळ झटकायची, नाव सापडलं की जन्मतारीख अंकी आणि अक्षरी उतरवायची. आता रजिस्टर नंबर टाकला की प्रिंट हातात. हजेरीची बेरीज, निकालाची टक्केवारी यात तर वहीनं स्पर्धाच करू नये. यू-डायस प्लस (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) आणि शालार्थ (पगार तिथूनच निघतो!) यांना संगणकाशिवाय वाटच नाही.

पण 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मराठवाड्यात शाळांची जुनी रजिस्टरं चाळली गेली. काही नोंदी मोडी लिपीत, काही उर्दूत. निजामाचा मुलूख होता ना हा. ती शाई अजून वाचता येते. आमची 2009 सालच्या निकालाची सीडी मात्र कुठल्याच मशीनवर उघडेना.

दुरुस्तीचंही तसंच. रजिस्टरात खाडाखोड केली तर दिसते, शेजारी लाल शाईत मुख्याध्यापकांची सही असते. एक्सेलमध्ये कुणी आडनाव बदललं तर मागमूस लागत नाही. म्हणून नवीन प्रवेश मी आधी शाईनंच लिहितो, मग कीबोर्डवर.

वर्गात मात्र मी संगणकाच्या बाजूचा. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदू ओढला की वर्तुळ फुगतं, मागच्या बाकावरची पोरं पुढं सरकतात. लाइट गेली की पुन्हा खडू. इन्व्हर्टर फक्त ऑफिसला आहे.