सोनेरी ‘लायका’ घेण्याआधी लेन्स उतरवून बघा

कोल्हापुरातल्या एका हौशी छायाचित्रकारानं नुकतेच 45,000 रुपये रोख मोजून ‘लायका’ हा जुना जर्मन कॅमेरा घेतला. सोनेरी मुलामा, वर गरुड, ‘बर्लिन 1936’ अशी अक्षरं. विकणाऱ्याकडं कहाणी तयार होती: आजोबा पलटणीत होते, गोऱ्या साहेबानं जाताना दिला.

निघाला फेड, म्हणजे सोव्हिएत कॅमेरा. युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये 1934 पासून लायका 2 ची नक्कल म्हणून बनलेला. असे फेड आणि 1948 पासूनचे झोर्की (तेही सोव्हिएत) घासून, नवी अक्षरं कोरून लायका म्हणून खपवले जातात.

ओळखायला एक मिनिट लागतं. लेन्स आट्यांवर बसते, ती उलटी फिरवून काढा आणि तोंडातून आत, वरच्या बाजूला बघा. रेंजफाइंडरचा, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्रणेचा, छोटा दांडा दिसेल. तो लेन्सच्या मागच्या कडेला टेकून पुढंमागं सरकतो. लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं. फेडमध्ये तिथं चपटी, पाचरीसारखी जीभ असते. उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा कुणीही हा फरक बघताक्षणी सांगेल. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथं यंत्र न बघता नुसती अक्षरं वाचून पैसे दिले गेले, याचं फार वाईट वाटतं.

लेन्सवर ‘एल्मार’ हे लायकाच्या लेन्सचं नाव कोरलेलं असलं तरी समोरून टॉर्च मारा. 50 मिमी, एफ 3.5 च्या खऱ्या एल्मारमध्ये डायफ्रामची (उजेड कमीजास्त करणारी) पाती पहिल्या काचेच्या लगेच मागं असतात. फेडच्या लेन्समध्ये ती दुसऱ्या काचेच्या मागं, जास्त खोल दिसतात.

‘घासलंय तिथं पितळ दिसतंय, म्हणजे अस्सल’ हे ऐकू नका. पितळ दोन्हींत असतं. कॅमेऱ्यावरचा नंबर लायकाच्या यादीत सापडला तरी उपयोग नाही, खरा नंबर बघूनच खोटा कोरता येतो.

शटरचा आवाज ऐकूनही समाधान मानू नका. या कॅमेऱ्याची पाठ उघडत नाही. तळझाकण काढा, फिल्म सरकते त्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारा आणि अंधारात समोरून बघा. शटरच्या पडद्याचं रबर वाळून तडकलं असेल तर उजेडाचे ठिपके दिसतात. फोटोवर तेच पांढरे डाग होऊन उमटतात. पडद्याला बोट लावू नका. कातडी केसमध्ये पडून राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी शोधा; आपल्याकडच्या पावसाळ्यात कातडं ओल धरून ठेवतं.

लांबून घेत असाल तर लेन्स उतरवलेला, सलग व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली तर पैसे पाठवू नका. ऑनलाइन पाठवून बसला असाल तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कोल्हापूरच्या त्या व्यवहाराला ना पावती, ना चॅट. विकणाऱ्याचा फोन बंद लागतो. फेड म्हणून मात्र कॅमेरा चांगला आहे, सगळे स्पीड लागतात. फक्त पडदे बदलावे लागतील.