१५०-६०० झूम आणि राखी बगळा : आठ महिने वापरल्यानंतर

१५० ते ६०० मिमीपर्यंत झूम होणारी ही लेन्स मी ६०० साठी, म्हणजे लांबचं सगळ्यात जवळ आणणाऱ्या टोकासाठी घेतली. आठ महिन्यांनी सांगतो, माझे सगळ्यात चांगले फोटो ६०० वर निघालेले नाहीत. आणि तरीही लेन्स घेतल्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही.

ऑक्टोबरात सेकंडहँड घेतली. बॉडी जुनीच, क्रॉप (लहान) सेन्सरची डीएसएलआर, सेकंदाला सहा फ्रेम मारणारी. या पल्ल्याच्या हलक्या झूम लेन्स दोन-तीन कंपन्या करतात. वजन दोन किलोच्या आसपास, ६०० ला एफ ६.३ (लेन्स किती उघडते त्याचा आकडा; आकडा लहान तितका उजेड जास्त), पुढे ९५ मिमीचा फिल्टर. त्यामुळे पुढचं बरंचसं यांतल्या कुठल्याही लेन्सला लागू पडेल. मी ती वापरली मुख्यतः दोन ठिकाणी: दर रविवारी पहाटे सोलापूर रस्त्यावरच्या कवडीला मुळा-मुठेच्या काठी, आणि हिवाळ्यात चार वेळा भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर.

लहानपणी बगळ्यांची रांग डोक्यावरून गेली की आम्ही नखावर नखं घासत त्यांच्याकडे कवडी मागायचो. नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्याने कवडी दिली म्हणायचं. बगळे बघायला दर रविवारी कवडी नावाच्याच गावी जावं लागतं, याचा मला अजूनही आनंद होतो. तिथे नदीला वास येतो, काही दिवस पाण्यावर फेस असतो, जलपर्णी तर असतेच. त्या पाण्यात राखी बगळा मासे शोधत उभा असलेला पाहिला की वाईट वाटतं, आणि नजरही हटत नाही.

बगळा सोपा पक्षी, असं बरेच जण म्हणतात. उभाच तर असतो! खंड्यासारखा सूर मारत नाही, धोब्यासारखा नाचत नाही. पहिल्या महिन्यात मलाही तसंच वाटलं आणि उभ्या बगळ्याचे तीनेकशे फोटो जमा झाले. पिसं, पिवळा डोळा, डोक्यामागची काळी शेंडी, छातीवर लोंबणारी पिसं, सगळं टोकदार. ६०० वर, एफ ८ ला, चांगल्या उजेडात ही लेन्स खरंच सुंदर काम करते. पण ते सगळे फोटो एकाच फोटोसारखे दिसत होते.

खरी परीक्षा त्याने मासा पकडण्याच्या क्षणाची. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका लांबट आणि वेगळ्या घडणीचा असतो. त्यामुळेच मान इंग्रजी एससारखी दुमडते, उडताना तो ती तशीच आखडून घेतो (करकोचे आणि क्रौंच मान सरळ ताणून उडतात), आणि झडप घालताना तीच मान स्प्रिंगसारखी सुटते. पाण्यात मासा असतो त्याहून वर दिसतो, तो फरकही बगळा जमेस धरतो. हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं. सहा फ्रेमच्या कॅमेऱ्याला त्यातल्या एक-दोन मिळतात, आणि त्यांत बगळ्याचं डोकं चौकटीबाहेर गेलेलं असतं!

डिसेंबरात मी वैतागून कागदावर हिशेब मांडला. क्रॉप सेन्सरवर ६०० ला, पंचवीस मीटरवर चौकटीची रुंदी भरते जेमतेम एक मीटर, उंची पासष्ट सेंटिमीटर. राखी बगळा उभा राहिला की मीटरभर उंच, आणि पंख पसरले की साधारण पावणेदोन मीटर. म्हणजे तो मान लांबवणार किंवा उडणार हे मी गृहीतच धरलं नव्हतं. ४०० ला तीच चौकट दीड मीटरची होते. तेव्हापासून शिकारीची वाट बघताना ४०० ते ४५०, आणि तो उडेल असं वाटलं की ३०० ते ३५०. ठेवलेल्या फोटोंची माहिती काढून पाहिली तर झडपेचे जे जमले ते सगळे याच पट्ट्यातले आहेत. झूम असल्याचा फायदा मला इथे कळला. माझ्या मित्राकडे ६०० ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) आहे, प्रकाशाच्या बाबतीत माझ्या लेन्सपेक्षा कितीतरी सरस. पण भिगवणच्या होडीत त्याला मागे सरकायला जागाच नसते.

शटरचा वेगही शिकावा लागला. १/१००० सेकंदाला उभा बगळा ठीक, उडताना पंखांची टोकं पुसट होतात. उडण्यासाठी १/२०००, झडपेसाठी १/२५०० च्या खाली मी आता जात नाही. आणि इथेच लेन्सची खरी मर्यादा लागते. एफ ६.३ आणि १/२५०० म्हटलं की हिवाळ्यात सकाळी सातला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० च्या वर जातो, आणि माझ्या जुन्या बॉडीवर राखी पिसांत दाणे दिसतात. संध्याकाळी रातबगळे बाहेर पडतात तेव्हा फोकस नुसता पुढेमागे घुटमळतो. रातबगळ्यासाठी ही लेन्स घेऊ नका.

फोकसची एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी. पहिले सहा आठवडे ६०० वर बगळ्याच्या डोळ्याऐवजी त्याच्या पुढचं पाणकणीस टोकदार यायचं. मी हात थरथरतो म्हणून स्वतःला दोष देत राहिलो. सर्व्हिस सेंटरने 'नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवली. शेवटी गच्चीत वर्तमानपत्र तिरकं चिकटवून, वीस मीटरवरून चाचणी घेतली तर फोकस दरवेळी पुढेच पडत होता. कॅमेऱ्याच्या मेन्यूतलं फाइन ट्यून (फोकस पुढेमागे सरकवायची सोय) वापरून तो मागे आणला आणि दुसऱ्या रविवारी लेन्स बदलल्यासारखी वाटली. मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही. डीएसएलआरवाल्यांनी मात्र पहिल्या आठवड्यातच ही चाचणी करावी.

याउलट फेब्रुवारीत भिगवणला मी लेन्सवर उगाच राग काढला. दहा वाजून गेले होते, लांबवर एक जांभळा बगळा उभा होता, आणि एकही फ्रेम टोकदार येईना. ते तापलेल्या हवेचं काम होतं. पाण्यावरून वर चढणारी ऊन हवा सगळं लिबलिबीत करते, आणि त्यावर कोणत्याही किमतीची काच उपाय करत नाही. आता नऊ-साडेनऊनंतर मी फक्त जवळचे पक्षी घेतो.

भिगवणची होडी हा वेगळाच अनुभव. काठावरून चालत गेलं तर साठ-सत्तर मीटरवरच बगळा उठतो. त्याच पाण्यात रोज जाळी टाकणाऱ्या कोळ्याची होडी मात्र त्याला ओळखीची असते. होडीवाल्या दादांनी इंजिन बंद केलं आणि बांबूने ढकलत ढकलत आम्हाला नेलं, तेव्हा पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडावरचा बगळा वीसेक मीटरपर्यंत शांत होता. ट्रायपॉड होडीत निरुपयोगी आहे, होडीची प्रत्येक हालचाल त्यात उतरते. आईने जुन्या जीन्सच्या पायात गहू भरून शिवून दिलेली पिशवी काठावर ठेवायची, तिच्यावर लेन्स टेकवायची. दोन किलो वजन तासन् तास हातात धरण्यापेक्षा हे फार बरं.

पांढऱ्या बगळ्यांसाठी उजेड एक स्टॉप (म्हणजे निम्म्याने) कमी ठेवायची सवय लागली, नाहीतर उन्हात पिसांचा तपशील जळून जातो. वंचक हा छोटा बगळा मात्र नावाला जागतो. चिखलात बसला की मातकट, दिसतही नाही, म्हणून आपण उजेड थोडा वाढवतो. तो उडतो आणि अचानक दोन पांढरेशुभ्र पंख उघडतात, सगळे जळालेले! आता मी त्याच्यासाठी मॅन्युअलवर असतो, उजेड स्वतः ठरवतो, त्याच्या पंखांचा विचार करून.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी कवडीला एक राखी बगळा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पन्नास मिनिटं उभा होता. मी काठावर पालथा पडलेलो, कोपरांखाली ओले दगड. शिकारीच्या आधी तो काय करतो हे मला एव्हाना समजू लागलं होतं: अंग खाली जातं, मान हळूच पुढे झुकते, डोकं किंचित कलतं, आणि सगळं थिजतं. (उडायच्या आधी वेगळं. मान वर होते आणि बऱ्याचदा तो आधी शिटतो.) झूम ४२० वर होती. मान कललेली दिसली आणि मी बटण दाबून धरलं. चार फ्रेम. पहिलीत तो उभा, दुसरीत डोक्याच्या जागी नुसता पाण्याचा मुकुट, तिसरीत चोचीत आडवा मासा आणि मागे ओघळणारी पाण्याची माळ, चौथीत डोळ्यावर सरकलेली पापणी. तिसरीत डोळा टोकदार आहे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते पाहिलं तेव्हा माझे हात खरोखर थरथरत होते. आठ महिन्यांत अकरा हजारांहून जास्त फ्रेम मारल्या असतील, त्यांतली ही एक.

घ्यायची असेल तर: सेकंडहँड घेताना आत टॉर्च मारून बुरशी बघा, झूमची कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, तोंड खाली करून नळी आपोआप घसरते का पाहा. माझी घसरते, त्यामुळे खांद्यावर घेऊन चालताना लॉक लावतो. जाळी किंवा वेत मध्ये असतील तर फोकस लिमिटर (फोकसला जवळचं सोडून लांबचंच शोधायला लावणारं बटण) वापरा. पावसाळ्यासाठी मी हवाबंद डबा आणि सिलिका जेल घेऊन ठेवलं आहे.

आता वीण सुरू होईल. गावातल्या चिंचेवर बगळ्यांची सारंगागारं (घरट्यांच्या वसाहती) भरतील. तिथे मी ही लेन्स नेणार नाही. माणूस झाडाखाली रेंगाळला की मोठे पक्षी उठतात आणि घरट्यांवर कावळे टपलेलेच असतात. पण परवा सासवडच्या वाटेवर एका डबक्याशी वंचक दिसला, पाठ काळपट तांबडी झालेला, विणीचे रंग ल्यालेला. गाडी बाजूला घेतली, काच खाली केली, दारावर गव्हाची पिशवी टाकली. झूम आधीच ४०० वर होती.