कुत्र्याच्या मागच्या पायांचा लिफ्ट हार्नेस (मागच्या भागाला आधार द्यायचा हँडलवाला पट्टा), कामाचा आहे पण पट्ट्यांनी घोळ केलाय

आमच्या जर्मन शेफर्डला डीजनरेटिव्ह मायलोपॅथी आहे, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या नसा हळूहळू निकामी होतात, तसं दुखत काही नाही पण मागचे पाय लुळे पडत जातात, पंजा उलटा पडतो आणि नखं घासून घासून रक्त येतं. त्याच्यासाठी हा घेतला. जिना चढताना, गाडीत बसवताना भारी उपयोग होतो, हँडल लांब-आखूड करता येतं त्यामुळे आपली कंबर वाचते. पण मांडीच्या आतले पट्टे फार कडक, जास्त वेळ ठेवला की कातडी सोलवटते, फिरून आलं की काढायचाच. आणि नर कुत्रा शू करतो तेव्हा पट्टा भिजतो, बनवणाऱ्याने कुत्रा बघितलाय की नाही देव जाणे!! साइज वजनावरून घेऊ नका, कंबरेचा घेर मोजा. उचलून न्यायचं नाही हां, नुसता आधार द्यायचा, जमेल तेवढं त्याचं त्याला चालू द्या, स्नायू टिकतात. डाक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांची मणक्यातली गादी सरकली असेल तर मात्र आधी व्हेटला विचारा, तिथे बऱ्याचदा सक्तीची विश्रांती लागते. ५ पैकी ३.५